सव्वा महिन्याचा पहारा

बाळाच्या जन्मानंतरची पाचवी रात्र. घरातला पाटा-वरवंटा धुऊन मांडला जातो, हळद-कुंकू वाहिलं जातं, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं जातं. रात्री सटवाई येणार आणि बाळाचं नशीब लिहून जाणार, म्हणून दिवा तेवता ठेवायचा आणि बाळाजवळ कुणीतरी जागं राहायचं. बारसं बाराव्या दिवशी, तोवर बाळाला नाव नाही. आणि सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

ज्या आज्या-पणज्यांनी हा क्रम सांभाळला त्यांच्यासमोर कसली आकडेवारी नव्हती. बाळं जाताना मात्र त्यांनी पाहिली होती. आज आकडेवारी आहे आणि ती सांगते, की जन्मल्यावर पहिल्या 28 दिवसांत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. पाचवीच्या रात्री जागं राहण्याची भीती अगदीच निराधार नव्हती.

भारतातल्या गावागावांत आता या जुन्या दिवसांच्या जोडीला आणखी एक दिनदर्शिका आली आहे: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. या दिवशी सटवाई येत नाही, गावची आरोग्य कार्यकर्ती आशाताई येते. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असतं. ही दिनदर्शिका बऱ्याच अंशी गडचिरोलीच्या जंगलातल्या 39 गावांत तयार झाली.

पहिला महिना अवघड का

वैद्यकशास्त्रात जन्मापासून 28 दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. 2022 मध्ये जगभरात पाच वर्षांखालची सुमारे 49 लाख मुलं दगावली. त्यांतली 23 लाख याच 28 दिवसांतली होती, म्हणजे दिवसाला सहा हजारांहून अधिक. पाच वर्षांपर्यंतच्या बाकी सगळ्या काळातला धोका एका बाजूला आणि पहिला महिना दुसऱ्या बाजूला ठेवला, तर तराजू जवळपास समतोल राहतो.

पूर्वी चित्र वेगळं होतं. गोवर, धनुर्वात, जुलाब, न्यूमोनिया ही मोठी संकटं होती. लसी आल्या, मीठ-साखर-पाण्याचं मिश्रण घरोघरी पोहोचलं, प्रतिजैविकं मिळू लागली, तशी मोठ्या बाळांची मरणं झपाट्याने कमी झाली. नवजात बाळांची मात्र हळूहळू कमी होत राहिली, कारण सरकारी यंत्रणेचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. लसीकरणाला बाळ केंद्रात आणलं जातं. चार दिवसांचं बाळ कुठेच आणलं जात नाही. ते बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत आईजवळ निजलेलं असतं.

भारतात 2000 साली दर हजार जिवंत जन्मांमागे 44 नवजात बाळं दगावत होती. 2010 मध्ये हा आकडा 33 वर आला आणि 2020 मध्ये 20 वर. म्हणजे वीस वर्षांत निम्म्याहून अधिक घट. पण ‘भारत’ हा एक आकडा नाही. 2020 मध्ये केरळात हजारी 4, महाराष्ट्रात 11, तर मध्य प्रदेशात 31 बाळं पहिल्या महिन्यात जात होती. एकाच देशात जन्मलेल्या दोन बाळांच्या नशिबात आठपटीचा फरक.

श्वास, ऊब आणि चीक

नवजात बाळ मुख्यतः तीन कारणांनी जातं. जन्मताना गुदमरून, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असल्यामुळे, आणि जंतुसंसर्गाने.

बाळ पोटात असताना त्याची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. जन्मल्याबरोबर पहिल्या काही श्वासांत त्या द्रवाच्या जागी हवा यावी लागते. बहुतेक बाळांना हे आपसूक जमतं. साधारण दहांतल्या एकाला थोडी मदत लागते. कोरड्या कापडाने खसखसून पुसणं, पाठ चोळणं, एवढ्यानेच त्यातली बरीचशी रडतात. उरलेल्यांच्या नाका-तोंडावर मास्क धरून रबरी फुग्याने हवा द्यावी लागते. त्यासाठी हाताशी वेळ असतो एखाद्या मिनिटाचा. तेवढ्यात गाडी बोलावता येत नाही. त्यामुळे बाळ वाचतं की नाही हे त्या खोलीत हजर असलेल्या माणसाला काय येतं, यावर ठरतं.

दुसरा प्रश्न उबेचा. ओलं, उघडं बाळ मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर गार पडतं. वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते, चरबी कमी असते आणि थंडी वाजली तरी मोठ्यांसारखं त्याला कुडकुडता येत नाही. गार पडलेलं बाळ सुस्त होतं, दूध ओढत नाही. दूध मिळालं नाही की रक्तातली साखर उतरते आणि ते आणखी गार पडतं. म्हणून जन्मल्याबरोबर आंघोळ घालणं धोक्याचं. ती निदान चोवीस तास पुढे ढकलावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाची आणि 37 आठवड्यांआधी जन्मलेली बाळं या चक्रात सर्वांत आधी सापडतात. ‘सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ हा समज आपल्याकडे फार जुना आहे. तो साफ चूक आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाची फुप्फुसं पक्की करतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्या बाळापेक्षा जगण्याची शक्यता नेहमीच जास्त. समज चुकीचा म्हणून निरुपद्रवी मात्र नाही. ‘हे काही राहायचं नाही’ असं घरच्यांनी एकदा मनाशी धरलं, की दवाखान्याकडे निघणारी पावलं जड होतात.

तिसरं कारण जंतुसंसर्ग. नाळेच्या कच्च्या जखमेतून, न धुतलेल्या हातांतून, मधाच्या बोटातून, गुटीच्या वाटीतून जंतू आत शिरतात. त्यांच्याविरुद्ध बाळाचं पहिलं कवच म्हणजे आईचं पहिलं घट्ट पिवळसर दूध, चीक. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. बाळाच्या वाट्याचा चीक मात्र अनेक घरांत ‘जड पडतो’ म्हणून पिळून टाकला जात असे.

गडचिरोलीतली 39 गावं

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलं आणि 1986 मध्ये गडचिरोलीत आलं. जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. तिथे त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लोकांच्या आजारांवर लोकांच्या गावातच संशोधन करायचं आणि तिथेच उत्तर शोधायचं, ही कामाची पद्धत ठरली.

सुरुवातीच्या काळातली एक घटना डॉ. बंग यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. एक आई आपलं सुकलेलं, धापा टाकणारं मूल घेऊन त्यांच्याकडे आली. तपासायला ठेवलं आणि काही मिनिटांतच ते मूल गेलं. ते का मेलं हे त्यांनी नंतर लिहून काढलं, तेव्हा यादी अठरा कारणांपर्यंत गेली. त्यात आजार होते तसंच दारिद्र्य होतं, समजुती होत्या, अंतर होतं. अठरा गोष्टी एकदम बदलणं कुणाच्याही हातात नसतं. पण ती अठरा कारणं म्हणजे एक साखळी होती, आणि साखळी कुठेही एका जागी तोडली तरी तुटते. पुढचं सगळं काम या एका विचाराभोवती उभं राहिलं.

आधी त्यांनी न्यूमोनिया हाती घेतला. गडचिरोलीकडे लोक त्याला ‘डब्बा’ म्हणतात. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका. पण गावच्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यावर ‘सर्च’ने एक खेळण्यासारखं साधन बनवलं. लाकडी चौकट, तारेत ओवलेले मणी आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध सुरू करायचं. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईच्या हाती निदान आलं. या कामाचे निष्कर्ष 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. न्यूमोनियाने जाणारी मुलं कमी झाली होती.

नवजात बाळं मात्र जातच होती. म्हणून 1993 पासून 39 गावांत कामाची आखणी आणि तुलनेसाठी दुसऱ्या 47 गावांत नोंदी सुरू झाल्या. 39 गावांत प्रत्येकी एक बाई निवडली गेली, त्याच गावात राहणारी, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली. तिला नाव मिळालं आरोग्यदूत. 1995 मध्ये या बाया घरोघरी जाऊ लागल्या. पहिल्या वर्षी मुख्यतः पाहायचं आणि लिहायचं काम होतं. गरोदर बाईची नोंद, बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत हजेरी, मग महिनाभर ठरलेल्या दिवशी बाळाला भेट.

त्या वर्षीच्या नोंदी वाचताना अंगावर काटा येतो. 763 बाळांपैकी 40 पहिल्या महिन्यातच गेली. सुमारे 42 टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती आणि रुग्णालयात दाखल झालेली बाळं होती 0.4 टक्के. ‘बाळ आजारी पडलं तर दवाखान्यात न्या’ हा सल्ला बरोबर होता, पण तो मानणारं जवळपास कुणीच नव्हतं. रस्ता, पैसे, बाळंतिणीने बाहेर न पडण्याचा रिवाज, आणि शिवाय इतकं लहान बाळ आजारी आहे हेच मुळात ओळखू येत नाही. ते खोकत नाही, कण्हत नाही, कित्येकदा त्याला तापही येत नाही. नुसतं गप्प होत जातं.

त्या गप्प होण्याची भाषा नोंदींतून उलगडली. बाळ दूध ओढेनासं झालं किंवा कमी ओढू लागलं. रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. हातपाय लुळे पडले. उलट्या होऊ लागल्या किंवा पोट फुगलं. आईच्या हाताला बाळ गार लागू लागलं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला. बेंबी पिकली. या सात खुणांपैकी कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या, तर जंतुसंसर्ग आहे असं धरून चालायचं. त्यासाठी रक्ताची तपासणी नको, क्ष-किरण नको. यातल्या बहुतेक खुणा आईला आधीच दिसलेल्या असतात. त्यांचा अर्थ सांगणारं आणि पुढे काय करायचं ते जाणणारं कुणीतरी त्या क्षणी घरात असणं, एवढीच अडचण होती.

1996 पासून आरोग्यदूत उपचारही करू लागल्या. बाळाला आणि आईला दवाखान्यात जायचा सल्ला आधी. ते शक्य नसेल, तर घरच्यांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमोक्साझोल. कमी वजनाच्या बाळासाठी ब्लँकेटच्या कापडाची शिवलेली उबदार पिशवी. श्वास न घेणाऱ्या बाळासाठी आधी नळी आणि मास्क, पुढे फुगा आणि मास्क. सोबत बाळंतिणीशी आणि तिच्या सासूशी बोलणं, आणि ते सगळ्यांत लांबणारं काम होतं.

तिसऱ्या वर्षाअखेर या गावांतला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25.5 वर आला. शेजारच्या 47 गावांशी ताडून पाहता निव्वळ घट 62 टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी 16.6 टक्के दगावत होती, ते प्रमाण 2.8 टक्क्यांवर आलं. दर बाळामागे खर्च आला सुमारे पाच डॉलर. डिसेंबर 1999 मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

इंजेक्शन कुणाच्या हाती

कौतुकाबरोबर शंकाही आल्या. सातवी शिकलेल्या बाईने दोन किलोच्या बाळाला इंजेक्शन द्यायचं? चुकलं तर जबाबदार कोण? शिवाय गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि बंग दांपत्यासारखी माणसं नसतील तिथे हेच जमेल का, हा प्रश्न होताच. अशा शंकांचं उत्तर दुसऱ्या जागी तेच काम करूनच मिळतं.

तसं ते झालं. महाराष्ट्रातल्या इतर संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पातून ही पद्धत खेड्यांत आणि शहरी वस्त्यांत वापरून पाहिली. नवजात मृत्युदर तिथेही निम्म्याच्या आसपास खाली आला. उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगढमध्ये तर औषध न देता, फक्त बाळाला उबेत ठेवणं, आईच्या अंगाला लावून धरणं, लगेच अंगावर पाजणं या सवयींवर काम झालं. 2008 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तिथे घट 54 टक्के होती. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये घरभेटींनी 34 टक्के घट दाखवली. आकडे वेगवेगळे असले तरी दिशा एकच. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी पहिल्या आठवड्यातल्या घरभेटींची शिफारस केली. 2011 मध्ये भारत सरकारने ही पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आणली.

आणताना तिच्यातलं इंजेक्शन मात्र गळलं. आशाने खुणा ओळखायच्या आणि बाळाला पुढे पाठवायचं, एवढंच ठरलं. 2014 मध्ये केंद्र सरकारने ठरावीक परिस्थितीत, दवाखान्यात नेणं शक्यच नसेल तेव्हा, एएनएम म्हणजे परिचारिकेला जेंटामायसिन देण्याची मुभा दिली. इंजेक्शन कुणाच्या हाती असावं, हा वाद आता नर्सबाईंच्या हातापर्यंत येऊन थांबला आहे.

पेटी आणि छाती

याच काळात बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली, 2011 मध्ये सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण आणि आजारी नवजाताचे उपचार मोफत झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये देशात 38.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2019-21 मध्ये ती 88.6 टक्के झाली. पंधरा वर्षांत इतका मोठा बदल क्वचितच कुठल्या सामाजिक सवयीत झाला असेल.

दवाखान्यात बाळं येऊ लागली, तशी आजारी बाळांसाठी जागा लागली. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियासारख्या मागास जिल्ह्यात 2003 मध्ये जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा विशेष कक्ष उभा राहिला. त्याच धर्तीवर पुढे देशभर जिल्हा रुग्णालयांत असे कक्ष झाले. आपल्याकडे लोक म्हणतात, ‘बाळाला पेटीत ठेवलंय’. पेटी म्हणजे बहुधा ऊब देणारा वॉर्मर, कावीळ झालेल्या बाळासाठी निळा दिवा, प्राणवायू आणि रात्रभर जागी असलेली नर्स.

कक्ष उभा करणं आणि तो सुरक्षित चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राला फार मोठी किंमत मोजून कळलं. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. कक्षात 17 बाळं होती. त्यातली 10 गेली. ज्या उपकरणांनी बाळं जगवायची त्यांची वायरिंग, आग विझवण्याची सोय आणि रात्रपाळीची माणसं हाही नवजात बाळांच्या उपचारांचाच भाग असतो, हे त्यानंतर राज्यभर बोललं गेलं.

सगळीच प्रगती यंत्रांची नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या आयांना दूध जास्त येतं त्यांचं दूध घ्यायचं, ते 62.5 अंशांवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करायचं, गोठवायचं आणि ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईला दूध येत नाही त्याला द्यायचं. डब्यातल्या दुधाऐवजी दुसऱ्या आईचं दूध, इतकी साधी कल्पना.

त्याहून साधी कल्पना दक्षिण अमेरिकेतून आली. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका रुग्णालयात पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं जास्त, अशी गत होती. डॉ. एडगर रे यांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. नाइलाजाने सुरू झालेली ही युक्ती पुढे औषधासारखी तपासली गेली. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत एक ते 1.8 किलोच्या 3,211 बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. जन्मल्यानंतर लगेच, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता, छातीला लावलेल्या बाळांत मृत्यू 25 टक्के कमी होते. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. इतर बाळांना हा फायदा नाकारणं योग्य ठरलं नसतं.

यासाठी आईला अतिदक्षता कक्षात चोवीस तास जागा द्यावी लागते. बाळ आत आणि आई बाहेरच्या बाकावर, ही आपल्या बहुतेक रुग्णालयांची रचना. ती मोडायची तर आईची खाट बाळाच्या पेटीशेजारी आणावी लागेल, आणि अडचण नेमकी तिथे, जागेची आणि शिस्तीची आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं म्हणजे सगळं झालं असंही नाही. ज्या पाहणीत 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात दिसतात, त्याच पाहणीत पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं फक्त 41.8 टक्के आहेत. जन्माच्या वेळी डॉक्टर-नर्स हजर आहेत, आई जवळच आहे, बाळाला भूक आहे. तरी बाळ कपड्यात गुंडाळून बाहेर नातेवाइकांना दाखवलं जातं, वजन होतं, कागद भरले जातात, सिझेरियनची आई टेबलावर राहते आणि तो पहिला तास निघून जातो.

तिसरा दिवस

साध्या बाळंतपणानंतर आई साधारण दोन दिवसांत घरी परतते. नेमके धोक्याचे दिवस घरातच उजाडतात. इथे पुन्हा आशाताई लागते.

ती आल्यावर आधी साबणाने हात धुते आणि मगच बाळाजवळ बसते. बाळ झोपलेलं असेल तर बरंच, कारण रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजता येत नाहीत. झबलं वर करून पोटाकडे पाहत ती घड्याळाच्या काट्यावर पूर्ण मिनिट मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करत नाही, कारण नवजात बाळ मध्येच श्वास थांबवतं, मग भराभर घेतं. काखेत थर्मामीटर. मग झोळी. काट्याच्या हुकाला कापडी झोळी अडकवून बाळ त्यात ठेवलं, की आजी हमखास हात खाली धरते. काटा स्थिर होतो, वजन कार्डावर लिहिलं जातं. सातव्या दिवशी ते थोडं उतरलेलं असेल तर आशाताई घाबरत नाही. चौदाव्या दिवशीही वाढलं नसेल तर मात्र तिला काळजी वाटते.

पुढचा संवाद घरोघरी साधारण सारखाच होतो. 

“उन्हाळा आहे, पोराचा घसा कोरडा पडतो. दोन चमचे पाणी दिलं तर काय बिघडतंय?”

“आजी, आईच्या दुधातच पाणी असतं. वरचं पाणी दिलं तर ते दूध कमी पिणार.”

“आमची पोरं गुटीवरच वाढली.”

“वाढली ना. किती झाली होती तुम्हाला, आजी?”

या प्रश्नाचं उत्तर अनेक घरांत क्षणभर थांबून येतं. सहा झाली, चार राहिली. कुणी असं मोठ्याने म्हणतं, कुणी नुसतं बाळाच्या टाळूवरून हात फिरवतं. गुटीची वाटी त्या दिवशी तरी बाजूला पडते.

मग आईची पाळी. ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, स्तनात गाठी आहेत का, जेवतेस का नीट. बाळ अंगावर कसं धरतेस ते पाहून ती उशी सरकवते, बाळाची हनुवटी स्तनाला टेकवते, तोंड मोठं उघडू देते. नुसतं पुढचं बोंड तोंडात धरलेलं बाळ तासभर चोखत राहिलं तरी उपाशी राहतं आणि आईला चिरा पडतात. शेवटी धोक्याच्या खुणा पुन्हा एकदा. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन कसा लावायचा, हे घरातल्या एका तरी पुरुषाच्या कानावर पडेल अशा आवाजात.

या सगळ्या भेटी मिळून आशाला 250 रुपये मिळतात. सहा भेटी, बाळ घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसासह सात. ते मिळण्यासाठी वजनाची नोंद, लसी आणि जन्मनोंदणी व्हावी लागते, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ सुखरूप असावं लागतं. आशांच्या मोर्चांत मानधनाचा प्रश्न दर वर्षी येतो, तो याच हिशेबांतून. गडचिरोलीच्या आरोग्यदूताकडे एकच गाव होतं आणि मुख्यतः एकच काम. आशाताईकडे लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, कुटुंबनियोजन, सर्वेक्षणं आणि वेळोवेळी येणारे नवे फॉर्म आहेत. भेट झाली अशी नोंद आणि खरोखर झालेली भेट यांतलं अंतर वाढतं ते इथे.

भारताने 2014 मध्ये ठरवलं, की 2030 पर्यंत नवजात मृत्युदर एक अंकी करायचा. संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट हजारी 12 चं, महाराष्ट्र ते आधीच गाठून बसला आहे. उरलेलं काम जास्त कठीण आहे. आता जाणाऱ्या बाळांत अपुऱ्या दिवसांची आणि पहिल्या चोवीस तासांतली बाळं जास्त आहेत. त्यांना प्रसूतिगृहातली कुशल नर्स, चालू स्थितीतला वॉर्मर आणि शेजारी आई हवी. राज्याच्या सरासरीआड लपलेली गडचिरोलीची, मेळघाटची, नंदुरबारची गावं अजून आहेतच, आणि तिथे पावसाळ्यात आजही नाला भरला की गाडी अलीकडच्या काठावर थांबते.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई शेवटचं वजन करते. तोवर बाळाचं बारसं होऊन नाव ठरलेलं असतं, ते ती ‘बेबी ऑफ’ खोडून कार्डावर लिहिते. झोळीची घडी घालून पिशवीत टाकते. पलीकडच्या आळीत काल एक सून दवाखान्यातून घरी आली आहे, आज त्या बाळाचा तिसरा दिवस.